नगराध्यक्षांचा कान

१

राज्य बदलले की सिदोनी व्हाल्क्येला नगरभवनातून बोलावणे येई. त्या वसंतात ते राज्य न बदलताच आले, म्हणून ती गोंधळली.

"राजा आहे ना अजून?" दारात उभ्या असलेल्या शिपायाला तिने विचारले.

"सकाळपर्यंत तरी होता," म्हातारा फ्युल्जाँस म्हणाला. "नंतरचं मला कुणी सांगितलेलं नाही. राजाचा पांढरा रंग घेऊन या म्हणालेत, म्हणजे असणारच."

मोंत्रेव्हीच्या सभागृहात नगराध्यक्ष लाब्रूस यांचे मोठे तैलचित्र होते. सिदोनीनेच ते काढलेले, तरुणपणी, पॅरिसच्या एका नामांकित चित्रशाळेतून शिकून आल्यावर. त्या काळी फ्रान्समधल्या प्रत्येक कापडवाल्याला आपण प्राचीन रोमन असल्यासारखे वाटत होते आणि चित्रेही तशीच निघत. मागे नुसती करडी भिंत. पडदा नाही, खांब नाही, पंखवाली पोरे नाहीत. पुढे एक साधी खुर्ची, खुर्चीच्या पाठीवर टेकलेला हात, काळा कोट आणि कमरेला गणराज्याचा तिरंगी पट्टा. चेहरा समोर, पण किंचित बाजूला झुकलेला. जणू कर्तव्याने हाक मारली आहे आणि गृहस्थ आता निघणार.

गृहस्थ कुठेही निघाले नाहीत. गणराज्य गेले, सम्राट आला. सम्राट गेला, राजा आला. राजा पळाला, सम्राट परतला. सम्राट बुडाला, राजा पुन्हा आला. लाब्रूस आपले खुर्चीवर. फरक पडे तो नावात. 'नागरिक लाब्रूस'चे 'मस्य लाब्रूस', म्हणजे श्रीमान, झाले आणि राजा आल्यावर आडनावाआधी उमरावांचे 'द' उगवले. सम्राट परतला त्या थोड्या दिवसांत ते मावळले होते. आता पुन्हा तळपत होते. चित्रातला पट्टाही त्याच क्रमाने बदलत गेला आणि तो बदलण्याचे काम सिदोनीचे. चर्चच्या कळसावरचा, वाऱ्याची दिशा दाखवणारा लोखंडी कोंबडा गंजून जागच्या जागी बसला होता. गावात न वळणारी तेवढीच एक वस्तू उरली आहे, असे तिचा नवरा मरेपर्यंत म्हणत असे. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो कोंबडा थेट ताटात बघत असल्यासारखा दिसे.

या वेळचे कारण निराळे होते. राजा परतला तेव्हा घाईघाईत दिलेला पांढरा रंग पातळ पडला होता. त्याच्या खालून निळा आणि तांबडा डोकावू लागले होते. ईस्टरनंतर जिल्ह्याचे नवे प्रीफे, म्हणजे राजाने नेमलेले जिल्हाधिकारी, दौऱ्यावर येणार आणि त्यांनी राजाच्या पांढऱ्या पट्ट्यातून गणराज्य डोकावताना पाहिले, तर नगराध्यक्षांचे 'द' कायमचे मावळले असते.

सिदोनीलाही गरज होती. तिचा मुलगा बास्तियें तुरुंगात होता. गेल्या उन्हाळ्यात राजा ज्याच्या नावाचा त्या संताच्या सणाला सगळे गाव चौकात जमले होते. नगराध्यक्षांनी सज्जातून "चिरायू होवो राजा" म्हटले आणि गावाने ते उचलले. बास्तियेंनेही उचलले. पण तो सम्राटाच्या सैन्यात वाढलेला, "चिरायू" म्हटल्यावर पुढे काय येते हे त्याच्या डोक्याआधी त्याच्या घशाला ठाऊक होते. आजूबाजूचे लोक त्याच्यापासून दोन पावले सरकले. मग पोलीस आले. आता खटला उभा राहणार होता आणि शिक्षा म्हणजे समुद्रापार हद्दपारी. सज्जात उभे असलेले नगराध्यक्ष 'त्याने राजाचेच नाव घेतले, मी ऐकले' असे लिहून देतील, तर पोरगा सुटेल. ते नाही म्हणत नव्हते. आधी चित्र होऊ द्या, म्हणत होते.

ती रंगांची पेटी घेऊन निघाली. वाटेत पाववाल्या पेरिनने दुकानातून हाक मारली, सिदोनीने थांबून चौकशी केली, आणि पेरिन फणकारली, "मादाम, बोलताना माणसाच्या तोंडाकडे तरी बघावं. नगरभवनात जाऊन जाऊन तुम्हीही साहेब झालात की काय?"

सिदोनीला वाटले, आपण तर तिच्याकडेच बघत होतो. वयाने नजर जात असेल, म्हणून ती पुढे चालू लागली.

२

सभागृहात सकाळचे ऊन होते. तिने शिडी लावली, चिंधी तेलात बुडवली आणि पट्टा पुसायला घेतला. पुसता पुसता सहज वर पाहिले आणि तिचा हात थांबला.

चित्रातल्या लाब्रूसना कान होता.

कान असायला हरकत नाही, सगळ्या नगराध्यक्षांना असतात. पण हा तिने काढलेला नव्हता. तिने कानावर केस ओढले होते, तशी तेव्हाची पद्धतच होती. इथे पाळी, आतल्या वळ्या, भोकाची काळी सावली, सगळे नीट होते. दुसरीकडे, पलीकडचा डोळा, ज्यात तिने खिडकीचा उजेड म्हणून पांढऱ्याचा एक ठिपका ठेवला होता, तो डोळा नव्हता. गालाच्या कडेला नुसत्या पापण्या होत्या.

ती शिडीवरून उतरली आणि खुर्चीवर बसून विचार करू लागली. ती शिकलेली बाई होती; भुताखेतांवर विश्वास ठेवण्याइतकी श्रीमंत नव्हती. भिंतीला ओल येते, कापड ताणते, हे एक. दुसरे म्हणजे पट्ट्याबरोबर दर वेळी गळपट्टाही बदलावा लागे, कारण राजाच्या लोकांचे गळपट्टे उंच आणि सम्राटाच्या लोकांचे घट्ट. दर वेळी गळा केसभर इकडे सरकला असेल, गळ्यापाठोपाठ हनुवटी, हनुवटीपाठोपाठ गाल. माणूस स्वतःच्याच चुका स्वतःच्याच हाताने झाकत गेला की मूळ काय होते ते राहत नाही. हे स्पष्टीकरण तिला पटले. फक्त कान कुणी काढला, ते त्यात बसेना.

फ्युल्जाँस झाडू घेऊन आला.

"फ्युल्जाँसबाबा, साहेब चित्रात कुठे बघतायत?"

त्याने मान वर करून पाहिले. "खिडकीकडे."

"चित्रात खिडकी कुठाय?"

"ते मला काय माहीत. खिडकी काढली नाहीत ती तुम्ही." मग त्याने झाडू टेकवला आणि गुपित सांगावे तसे म्हणाला, "मी रोज फडकं मारतो ना. नागरिकांच्या..." त्याने जीभ चावली, "मस्य द लाब्रूस यांच्या कानात फार धूळ बसते. बोट घालून काढावी लागते."

चित्र सपाट असते, हे सांगावे असे सिदोनीला वाटले. पण तो तसाच झाडत पुढे गेला, आणि आपण हे खरोखर ऐकले की काय, हे तिला ठरवता येईना.

३

तुरुंग म्हणजे जुना मठ होता. जाळीपलीकडे बास्तियें आला. दाढी वाढलेली, भुवईवर स्पेनमधल्या लढाईचा व्रण आणि दोन्ही डोळे सरळ तिच्यावर. तो लहानपणापासून असाच बघे. खोटे बोलणाऱ्याला त्याच्यासमोर बसणे जड जाई आणि घरात ते बहुतेक वेळा तिलाच जड जाई.

ती म्हणाली, साहेब लिहून देणार आहेत. तूही लिहून दे, की मी राजाचे नाव घेतले, गोंगाटात लोकांना चुकीचे ऐकू आले.

"आई, अख्ख्या चौकानं ऐकलंय."

"चौकानं काय ऐकलं ते चौक ठरवेल. तू तुझं ठरव."

"तू माझ्या शेजारी उभी होतीस. तू काय ऐकलंस?"

गेले कित्येक महिने ती वकिलाला, पाद्र्याला, पेरिनला, रात्री उशीला सांगत आली होती, की तो 'राजा' म्हणाला. आता चौकातला तो क्षण आठवू गेले की आधी 'राजा' ऐकू येई. त्याच्या खाली, पातळ रंगाखालून दिसावे तसे दुसरे काहीतरी असे, पण ते नीट ऐकू येईना.

"मला आठवत नाही," ती म्हणाली. हे खरे होते, त्यामुळे तिला जास्तच भीती वाटली.

बास्तियें तिच्याकडे बघत राहिला. चूक घशाची होती, मान्य, तो म्हणाला; पण झालेली चूक झालीच नाही असे लिहून द्यायचे म्हणजे काय, हे त्याला समजत नव्हते. विचार करतो, एवढे तो बोलला. पहारेकऱ्याने किल्ल्या वाजवल्या.

४

घरी माळ्यावर मूळ चित्राचा छाप होता. त्या चित्रशाळेत शिस्तच होती, की आधी तेलकट पारदर्शक कागदावर रेषा काढायच्या आणि मग त्या कापडावर उतरवायच्या. तिने तो शोधून काढला, गुंडाळीवरची धूळ झटकली आणि न उलगडता तसाच नगरभवनात आणला. लावून पाहू, जुळला नाही तर चित्र बिघडले, मग रेषेबरहुकूम दुरुस्त करू. रेषा पक्ष बदलत नाही.

शिडीवर चढून तिने कागद चित्रावर धरला, एक कोपरा तोंडात, एक हातात. खुर्ची जुळली. खांदा जुळला. हनुवटी, नाक, कपाळ, सगळे रेषेवर रेषा बसले. तिने सुटकेचा श्वास घेतला. चित्र हलले नव्हते. आपलेच डोळे आणि आपलीच आठवण, दोन्ही म्हातारी झाली, एवढेच.

मग तिने कागद खाली आणून खिडकीच्या उजेडात धरला.

तिच्याच हातची रेघ होती, कडेला तिचेच लग्नाआधीचे नाव होते, गणराज्याच्या पंचांगातली तारीख होती. रेषांमध्ये कान होता. नीट काढलेला, कौतुक करावे असा. डोळा एकच होता.

मग दुसऱ्या डोळ्यातला उजेडाचा ठिपका कुठून आला? तो देताना श्वास रोखला होता, कुंचल्याचा एकच केस टेकवला होता, उस्तादांची शिकवण होती की ठिपका दिला की डोळा जगतो. हे सगळे तिला बोटांत आठवत होते. कागद म्हणत होता, असे काही घडलेच नाही. आणि कागदावर सही तिचीच होती.

तिने चित्राकडे पाहिले. आता पापण्याही दिसत नव्हत्या. की मघाशीही नव्हत्या?

५

शेवटी तिने नगराध्यक्षांना निरोप पाठवला, की चेहऱ्यात थोडी दुरुस्ती हवी, एकदा समोर बसावे लागेल. निरोप परत आला: आनंदाने, लिहून द्यायचे ते कागदही सोबत आणतो.

भर दुपार होती. ती दाराकडे पाठ करून कुंचले धूत होती. मागे पावले वाजली, खुर्ची कुरकुरली. म्हणजे ती वळेपर्यंत ते बसलेले होते. तेव्हा तिच्या मनात आले, की ते नेहमी असेच बसलेले असतात. या माणसाला येताना आपण शेवटचे कधी पाहिले? चर्चमध्ये ते पहिल्या बाकावर, म्हणजे सगळ्या गावाला त्यांची पाठ. सज्जात ते उंचावर, टोपी कपाळावर, मागे सूर्य. एवढ्या वर्षांत गावात कुणी कुणाला नगराध्यक्षांच्या चेहऱ्याबद्दल काही म्हटल्याचे तिला आठवेना. नाक मोठे आहे का? पोट मोठे आहे, हे सगळे सांगत. त्यावर गाणेही होते.

ती वळली.

त्यांचे गुडघे तिच्याकडे होते. बुटांची टोके तिच्याकडे. बंडीची बटणे, एक पोटावर ताणलेले, तिच्याकडे. त्यांच्यावर पांढऱ्या गळपट्ट्याची फुगीर गाठ. आणि गाठीच्या वर, जिथे हनुवटी असायला हवी तिथे, काळी रेशमी फीत होती. राजाबरोबर जुनी फॅशनही परतली होती आणि हौशी लोक पुन्हा केस वाढवून मानेवर फितीने बांधत होते. फितीच्या वर नीट विंचरलेले, पावडर लावलेले केस. दोन बाजूंना दोन कान.

सिदोनीने नजर रंगाच्या फळीवर आणली. उजेड तिरपा आहे, तिने स्वतःला सांगितले. ते वाकून काहीतरी वाचत असतील. माणूस फार वाकला तर डोक्याचा मागचा भाग दिसतो.

"मस्य," ती म्हणाली, "जरा माझ्याकडे वळता का?"

"मी तुमच्याकडेच बघतोय, मादाम."

आवाज स्पष्ट होता, प्रेमळही होता. समोर बसलेल्या माणसाचा समोरून यावा तसा.

"तुम्हाला दिसत नाही का मी?" त्यांनी विचारले.

त्यात धमकी नव्हती. असती तर तिला बरे वाटले असते. त्या प्रश्नात खरेच काळजी होती, आणि तिला वाटले, की हा माणूसही कुणाला तरी बरेच दिवस हे विचारायचे ठरवून होता. टेबलावर कागद होता. बास्तियेंचे नाव तिला उलटे दिसत होते. कागदावर त्यांचा हात होता, हातात लेखणी होती आणि लेखणी थांबली होती.

तिने वर पाहिले. काळी फीत. फितीचे एक टोक श्वासागणिक हलत होते.

"दिसता ना, मस्य," ती म्हणाली. "अगदी समोर."

"मग काय दुरुस्त करायचंय?"

"काही नाही. मलाच वाटलं होतं. चेहरा हुबेहूब आहे."

"मीही तेच म्हणतो," ते म्हणाले. लेखणी कागदावर करकरली. "पोरगा राजाचंच नाव घेत होता. मी कानांनी ऐकलंय."

तिने पट्टा रंगवला, या वेळी घट्ट, दोन थर. वर पाहिले नाही. प्रीफे आले, चित्राखाली जेवले आणि साम्य विलक्षण आहे, असे म्हणून गेले. फ्युल्जाँसने ते सगळ्या बाजाराला सांगितले.

६

बास्तियेंनेही लिहून दिले. कसे आणि का, ते तिने विचारले नाही. वकील म्हणाला, एके सकाळी त्याने स्वतःच दौत मागितली. नगराध्यक्षांनी ऐकले, आईने ऐकले, एवढ्या लोकांनी ऐकले म्हणजे मी म्हणालोच असेन, असे तो बोलला म्हणे.

तो घरी आला तेव्हा उन्हे खिडकीत आली होती. तिने दारातच त्याला पोटाशी धरले. त्याची दाढी तिच्या कपाळाला टोचली. मठाचा कुबट वास, त्याखाली त्याचा स्वतःचा वास. सगळे तेच होते. तिने त्याला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवले, कोबी आणि डुकराचे खारवलेले मांस घातलेले सूप वाढले, पाव मोडून दिला आणि पोटभर बघायला समोर बसली.

तिला त्याचा कान दिसत होता.

थकला आहे, तिला वाटले. रस्त्यावर काही वाजले असेल, सैनिकाचे लक्ष जातेच. तो जेवत होता. चमचा वर जाई, रिकामा खाली येई. भुवईवरचा व्रण तिने शोधला. तो त्या बाजूला असणार. ती सहज उठल्यासारखी उठली, मीठ घेतले आणि टेबलाच्या पलीकडे, भिंतीकडच्या बाकावर जाऊन बसली.

इथूनही कान. दुसरा.

"तिकडे काय आहे रे?" तिने विचारले. "माझ्याकडे बघ की जरा."

"तुझ्याकडेच बघतोय," बास्तियें म्हणाला. त्याचा आवाज समोरून आला.

सिदोनीने मीठ खाली ठेवले. ती पुन्हा पहिल्या जागेवर आली. त्या जागेवरून इतकी वर्षे तिने तीच खिडकी पाहिली होती, आणि आताही काहीतरी जागच्या जागी असेल म्हणून तिने तिथे पाहिले. कळसावर तो गंजका कोंबडा उन्हात होता. वारा नव्हता. आणि कधीही न वळलेल्या त्या कोंबड्याचे शेपूट तिच्याकडे होते.

तो वळला असेल, तर कुणीतरी कुरकुर ऐकली असती. तो वळला नसेल, तर...

'माणसाच्या तोंडाकडे तरी बघावं,' हे पेरिनचे बोलणे तिला आठवले. पाद्रीही मध्ये तसेच काहीतरी म्हणाला होता, आपण हसण्यावारी नेले होते. तिने हात वर नेला. गालाला लावावा असे वाटले, पण बोटांना तिथे काय लागेल हे माहीत नव्हते, म्हणून हात तसाच खाली आणला.

चमचा थांबला. बास्तियेंचा हात टेबलावरून पुढे आला आणि तिच्या मनगटावर टेकला. त्याची बोटे गार होती. तो अगदी हळू, तापातल्या माणसाशी बोलावे तसे, म्हणाला, "आई, इकडे बघ ना. केव्हापासून तू माझ्याकडे पाठ करून बसलीयस."

"नाही रे," सिदोनी म्हणाली. "मी तुझ्याकडेच बघतेय."